बीएमपीच्या नावाखाली गेलेले ८४,००० रुपये आणि तीन महिने

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेतून परतताना मोटारसायकल घसरून वडिलांच्या उजव्या नडगीचे हाड मोडले. नाशिकमध्ये शस्त्रक्रिया करून रॉड बसवला, परंतु पाच महिन्यांनंतरही एक्स-रेमध्ये फट दिसत होती आणि पाय टेकवला की वडिलांना कळ येत असे. त्या हतबलतेत एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून आम्ही शहरातील एका क्लिनिकमध्ये गेलो.

अमेरिकेत मान्यता मिळालेले बीएमपी हे हाड वाढवणारे प्रथिन तीन इंजेक्शनांतून देऊ, दोन महिन्यांत हाड जुळेल, असे तेथे ठामपणे सांगण्यात आले. प्रत्येकी २८,००० रुपये आम्ही रोख दिले. प्रत्येक वेळी वडिलांचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातील पिवळसर द्रव पायात टोचला जात होता. बाहेरच्या औषधाची एकही कुपी दिसली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

तीन महिन्यांनंतरही फट तशीच राहिली, तेव्हा मूळ सर्जनांकडे परतलो. त्यांनी सांगितले की, टोचलेला द्रव म्हणजे पीआरपी, म्हणजेच रक्तातील प्लेटलेट एकवटलेला द्रव. प्लेटलेटमध्ये ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने असतात हे खरे, पण त्याने न जुळलेले हाड जुळते याचा पुरेसा पुरावा नाही, आणि ते बीएमपी तर नव्हेच. खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तेथे नवे हाड तयार होते, हे अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले आणि पुढे त्यातूनच बीएमपीचा शोध लागला. नडगीसाठी बीएमपी-२ या त्याच्या एका प्रकाराला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, तीही रॉड बसवलेल्या उघड्या (त्वचा फाटून जखम झालेल्या) फ्रॅक्चरसाठी आणि दुखापतीपासून १४ दिवसांच्या आत वापरण्यासाठी. ते कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून शस्त्रक्रियेतच ठेवावे लागते. वडिलांचे फ्रॅक्चर बंद होते आणि पाच महिने जुने होते.

वडील तंबाखू खातात, हे त्या क्लिनिकने एकदाही विचारले नाही. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, हे आम्हाला सर्जनांकडूनच कळले. साखर तपासायलाही त्यांनीच सांगितले.

अखेर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून नडगीत ग्राफ्ट म्हणून बसवावा लागला. कुणी ग्रोथ फॅक्टर सुचवला, तर औषधाचे पूर्ण नाव, कुपीवरील बॅच क्रमांक आणि पक्के बिल आधी मागा. माझ्याकडे फक्त एक कच्ची पावती उरली आहे; तिच्यावर ‘इंजेक्शन’ आणि रक्कम एवढेच लिहिले असल्यामुळे तक्रारीच्या अर्जात औषधाचे नाव काय लिहावे, तेथेच मी अडलो आहे.