लांब केसांची मांजरं आणि गोव्याची दमट हवा : फणी, ब्रश आणि क्लिपर नऊ महिने वापरल्यावर

जून ते फेब्रुवारी अशा नऊ महिन्यांच्या वापरावर हे लिहितो आहे. मांजरं दोन. एक सात वर्षांचं पर्शियन, आतली लव कापसासारखी दाट. दुसरं तीन वर्षांचं, मिश्र जातीचं, केस लांब पण रेशमी. घर उत्तर गोव्यातल्या बार्देशात, समुद्राच्या वाऱ्यावर, बल्काव (घरापुढची बसायची ओसरी) उघडा. अवजारं पाच: स्टीलची फणी, स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), केस काढायचं पात्याचं अवजार (डीशेडिंग), जट कापायचं वाकड्या पात्यांचं अवजार (डीमॅटिंग) आणि क्लिपर (केस भादरायचं विजेचं यंत्र). रबरी हातमोजाही आणला होता. लांब केसांवर तो वरवर फिरतो आणि वरचेच केस घेऊन येतो. नव्या पिल्लाला हाताची सवय लावायला ठीक, बाकी उपयोग नाही.

एकच वस्तू घ्यायची तर स्टीलची फणी घ्या. नऊ महिन्यांत मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. कारण जट वर दिसते, पण ती सुरू होते कातडीजवळ.

मांजराच्या अंगावर बाहेरचा जाड, सरळ केस असतो आणि आत मऊ लव. लव सतत गळते. आखूड केसांच्या मांजरात ती खाली पडते किंवा जिभेला लागून पोटात जाते. लांब केसांत ती बाहेरच्या केसांमध्ये अडकून राहते. मग चालताना काख घासते, बसताना मांडीचा मागचा भाग घासतो, ओलावा लागतो आणि केस एकमेकांत घट्ट बसत जातात. लोकर भिजवून, रगडून बुरणूस करतात, तीच क्रिया मांजराच्या अंगावर घडते. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी मांजराच्या जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे काटे टोकाला पन्हाळीसारखे पोकळ असतात आणि लाळ केसांच्या मुळापर्यंत नेतात. पर्शियन मांजराची लव मात्र इतकी खोल की दाबली गेली तरी काटे कातडीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून ‘मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं’ हा भरवसा या मांजरांच्या बाबतीत धरू नये. त्यांच्या जिभेचं उरलेलं काम माणसालाच करावं लागतं.

फणी घेताना ब्रँडपेक्षा दात बघा. सुमारे 19 सेंमी लांबीची, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट, दातांची लांबी पावणेतीन-तीन सेंमी. दीड सेंमी दातांची फणी पर्शियनच्या मानेच्या आयाळीत कातडीपर्यंत जातच नाही. दातांची टोकं गालावर फिरवून पाहा. ओरखडा जाणवला तर ती फणी मांजराला नको. फिरत्या दातांची फणीही वापरून पाहिली. दातांच्या बुडाशी लव गुंडाळली जाते आणि पावसाळ्यात तिथे गंज धरतो. साधी, सळईची पाठ असलेली, एकसंध फणी बरी.

फणी कशी चालवायची यावर सगळं अवलंबून आहे. पाठीवरून सरळ ओढली तर फक्त वरचा थर विंचरला जातो. एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचा सेंटिमीटरभर पट्टा विंचरायचा, मग आणखी थोडे केस खाली सोडायचे आणि पुढचा पट्टा घ्यायचा. प्रत्येक पट्ट्यात आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मूळ. आधी विरळ दात, नंतर दाट. दाट दातही मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अटकता गेले, तरच तो भाग झाला असं समजा. वरून मऊ, फुगीर दिसतं, पण बोटं आत घातली की चण्याएवढ्या गाठी लागतात, हे ब्रशवर विसंबणाऱ्या घरांत फार दिसतं.

फणी अटकली की ओढू नका. गाठ आणि कातडी यांच्यामधले केस दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ताण बोटांवर येतो, कातडीवर नाही. एवढ्या एका सवयीने मांजर फणीला घाबरायचं थांबतं.

वेळ पाच ते सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. शेपटी आपटायला लागली किंवा पाठीची कातडी थरथरली की थांबायचं, काम अर्धं राहिलं तरी. पावसाळ्यात पर्शियनला रोज, रेशमी केसांच्या मांजराला एक दिवसाआड. डिसेंबर-जानेवारीत पर्शियन एक दिवसाआड आणि दुसरं आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर भागलं. सुरुवात गालाखालून, मांजराला आवडतं तिथून. मधे अवघड जागा, शेवट परत गालावर.

अवघड जागा ठरलेल्या आहेत: कानामागे, पट्ट्याखाली, काखा, पोट, जांघा, मांडीचा मागचा भाग आणि शेपटीचं मूळ. काखेसाठी पुढचा पाय बाजूला ताणू नका, त्या दिशेने सांधा दुखतो. पाय थोडासा पुढे उचला आणि फणीचे टोकाचे तीन-चार दातच वापरा. पोटासाठी मांजराला उताणं पाडायची गरज नाही. दुसऱ्या माणसाने पुढच्या पायांखाली हात घालून त्याला मागच्या पायांवर उभं धरलं की पोट मोकळं होतं. गळ्यातला पट्टा घरात काढून ठेवा. पट्ट्याखालची जट आठवड्याभरात तयार होते.

स्लिकर ब्रश वाईट नाही, पण त्याचं काम दुसरं आहे. फणीने मोकळे झालेले केस उचलायला आणि आंघोळीनंतर वाळवताना केस सुटे ठेवायला तो चांगला. हात हलका हवा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहा, लाल रेघा उठल्या तर दाब जास्त आहे. एकाच जागी दहा-बारा वेळा फिरवला तर कातडी सोलवटते. आमचा पहिला ब्रश ऑगस्टअखेर फेकला. तारा रबरी गादीत जिथे शिरतात तिथे पाणी साठून गंज आला आणि दोन-तीन तारांची टोकं खरबरीत झाली. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, वर खारं वारं. अशा हवेत तारा स्टेनलेस नसतील तर ब्रश एक पावसाळाही काढत नाही. लाकडी मुठीवर बुरशी येते, म्हणून मूठ प्लॅस्टिकची घ्या.

डीशेडिंगचं पातं दोन महिने आठवड्यातून एकदा वापरलं आणि बंद केलं. ढीगभर केस निघतात म्हणून ते फार परिणामकारक वाटतं. पण त्या ढिगात तुटलेले बाहेरचे केस बरेच असतात. दोन महिन्यांत पाठीवरचा पोत राठ झाला, आणि तुटक्या टोकांत लव आणखी अडकू लागली. आखूड केसांच्या गावठी मांजराला ते चालेल, लांब केसांच्या नाही. जट कापायचं वाकड्या पात्यांचं अवजार कुत्र्यांसाठी ठीक असेल. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर तंबूसारखी वर ओढली जाते. पात्याला केस कुठला आणि कातडीची घडी कुठली हे कळत नाही.

कात्रीचंही तेच. जट बोटांनी उचलली की तिच्या बुडाशी दिसतो तो केसांचा भाग वाटतो, पण पुष्कळदा ती वर खेचली गेलेली कातडी असते. दवाखान्यात टाके घालायची वेळ येते ती यामुळेच. ‘फणी मधे धरून कात्री चालवा’ असाही सल्ला मिळतो. मांजर एकदा दचकलं की तो संपला. कात्री या कामात नकोच.

मग झालेली जट काढायची कशी? नवी असेल आणि बोटांनी दाबल्यावर आत फट जाणवत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर तिच्यावर चोळा. केस कोरडे होऊन एकमेकांवरून सरकतात. बोटांनी जट उभी, म्हणजे केसांच्या वाढीच्या दिशेने, दोन भागांत फाडा, मग त्या दोनाच्या चार करा. प्रत्येक तुकडा बाहेरच्या कडेपासून फणीच्या शेवटच्या दाताने उकला, मधून नाही. दोन-तीन मिनिटांत हलली नाही तर सोडा, दुसऱ्या दिवशी घ्या. काम झाल्यावर पीठ पूर्ण विंचरून काढा. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि त्याचीच गुठळी होते. टाल्कम पावडर वापरू नका, ती मांजराच्या श्वासात जाते.

जट कातडीला चिकटून असेल, खाली फणीचा एकही दात शिरत नसेल, तर ती उकलण्याचा नाद सोडून क्लिपर घ्या. दहा नंबरचं ब्लेड, जे साधारण दीड मिमी केस मागे ठेवतं. रुंद फटींच्या दातांची ब्लेडं मांजरावर अजिबात नकोत, त्या फटींत कातडी शिरते. ब्लेडवर बसवायची प्लॅस्टिकची गार्ड जटेत जातच नाही. दाढीचा ट्रिमर दाट लवेत अडकतो आणि तापतो. ब्लेड कातडीला समांतर, कातडी दुसऱ्या हाताने हलकी ताणलेली, आणि जटेच्या खालून सावकाश सरकत जायचं. दर दोन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघा. गरम लागलं तर थांबा. काखेतला पडदा, मांडी आणि पोट यांच्यामधली घडी, कानाच्या कडेची दुहेरी कातडी आणि स्तनाग्रं (ती बोक्यालाही असतात) इथे सर्वांत जास्त जपावं. आवाजाची सवय आधी लावा: आठवडाभर क्लिपर शेजारच्या खोलीत चालू ठेवून मांजराला खाऊ द्यायचा, मग रोज थोडं जवळ आणायचा.

पाठभर चटईसारखी जट असेल तर घरी हात घालू नका. ते काम पशुवैद्याचं, बहुधा गुंगी देऊन. जटेखाली कातडी लाल, ओलसर, कधी फाटलेली असते. पावसाळ्यात माशी बसून अळ्याही पडतात. वास येत असेल तर त्याच दिवशी न्या.

उन्हाळा आला की सगळं अंग भादरून घ्यायची टूम निघते. जटा नसतील तर त्याची गरज नाही. केस उन्हापासूनही राखतात. पांढऱ्या मांजराची उघडी कातडी भाजते. हिमालयन (अंग फिकट, कान-तोंड-शेपटी गडद) किंवा तशा रंगछटेच्या मांजरात भादरलेल्या जागी नवे केस गडद येऊ शकतात, कारण त्यांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो. याउलट गुदद्वाराभोवतीचे, मांड्यांच्या आतले आणि पोटाच्या मधल्या रेघेवरचे केस महिन्या-दीड महिन्याने आखूड करणं फार उपयोगी ठरलं. मलमूत्र चिकटून होणाऱ्या जटा जवळजवळ थांबल्या.

आंघोळीबद्दल नियम एकच: जट असताना पाणी नाही. ओली जट वाळताना आणखी आवळते. आधी फणी मुळापर्यंत निर्वेध गेली पाहिजे. शाम्पू पाण्यात पातळ करून लावा, दोनदा धुवा, टॉवेलने टिपा, चोळू नका. नंतर ड्रायर कमी उष्णतेवर, आणि वाळवतानाच फणी. पर्शियन मुळापर्यंत वाळायला तास सहज लागतो. पावसाळ्यात मेघगर्जना सुरू असताना, वीज जाईल अशा दिवशी, आंघोळ काढूच नका. अर्धवट वाळलेली लव दोन दिवस ओलसर राहते, त्यातून जटा होतात आणि बुरशीलाही वाव मिळतो. मांजराच्या अंगावरचा नायटा माणसांनाही लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही आंघोळ टाळून फक्त घाण झालेला भाग धुतला. इतर महिन्यांत पर्शियनला पाच-सहा आठवड्यांनी एकदा.

खोबरेल तेल. आपल्याकडे घरातलं पहिलं औषध तेच, आणि जटेवरही लोक तेच चोळतात. केस क्षणभर सुटल्यासारखे वाटतात. मग अंगणातली तांबडी धूळ त्यावर बसते, लव चिकटते आणि आठवड्यात पहिल्यापेक्षा घट्ट जट होते. मांजर ते चाटतं आणि पोट बिघडतं. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे. कुत्र्यांच्या गोचिडांची परमेथ्रिन असलेली पावडर किंवा थेंब मांजराचा जीव घेऊ शकतात. पिसवांचं औषध मांजराचं म्हणून लिहिलेलंच आणा. पिसवा आवरणं हाही जटा टाळण्याचाच भाग आहे, कारण सतत खाजवलेल्या कानामागे गाठी लगेच धरतात.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की सड्यावरचं (कातळी पठारावरचं) आणि परड्यातलं गवत पिकतं. कुसळं आणि आघाड्याची बोंडं केसांत शिरतात, आणि प्रत्येक बोंडाभोवती एक जट तयार होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर मांजर बाहेरून आलं की पंजांमधल्या फटी, काखा आणि पोट बोटांनी चाचपा. कुसळ कातडीतही घुसतं. फणीआधी बोटं हा क्रम त्या तीन महिन्यांत मोडू नका.

व्यवस्थित विंचरूनही कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशीच पुन्हा पुन्हा जटा होत असतील तर दोष फणीचा नसेल. मांजर तिथे वळून पोचत नाही: वजन वाढलं असेल, वयामुळे सांधे दुखत असतील, दात दुखत असतील. केस तेलकट, राठ झाले असतील तर खाणंही बघा. नुसता बांगडा, तारली आणि भात हा आहार पुरेसा नाही. तेलकट मासळीच्या अतिरेकाने ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडतं, कातडीखालची चरबी सुजते आणि मांजर हात लावू देत नाही. हे पशुवैद्याला दाखवायचं, विंचरून सुटणारं नाही.

अवजारांची देखभाल या हवेत चुकवता येत नाही. फणी आठवड्याला भांड्यांच्या साबणाने धुऊन लगेच फडक्याने कोरडी करायची. सगळं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. क्लिपरच्या ब्लेडमधले केस झाडून दर वापरानंतर क्लिपरचंच तेल दोन-तीन थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. एकदा तेल न घालता तीन आठवडे ठेवलेलं ब्लेड तांबूस झालं आणि पुढच्या वेळी केस कापण्याऐवजी ओढू लागलं. ते बदललं. फणी मात्र पहिल्या दिवशी होती तशीच आहे, एक दातही वाकलेला नाही.