पडून असलेली फियाट घ्यावी की रंगवून चालू केलेली?

फियाट ११०० डिलाईट शोधायला निघालात की दोन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली: टायर बसलेले, टपावर धुळीचा थर, भाव कमी. दुसरी रंगवून चकाचक केलेली: सेल्फ मारला की चालू, भाव दुप्पट-तिप्पट. माझा कल पहिलीकडे आहे, पण पत्रा आणि कागद धड असतील तरच.

इंजिनाचा धसका घेऊ नका. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, जुन्या मेकॅनिकना तोंडपाठ. जाम असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग हातानं फिरवून बघायचं. विकणारा उत्साहानं बॅटरी जोडून सेल्फ मारायला निघाला तर आधी थांबवा. कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा खराब होतात. टाकी, कार्ब्युरेटर, ब्रेकचे व्हील सिलिंडर, होज (रबरी नळ्या), टायर यांचा खर्च येणारच, तो धरूनच भाव करा.

खरी मेख पत्र्यात आहे. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीवरच. दाराखालची पट्टी, फ्लोअर आणि जॅक लावायची जागा कुजली असेल तर पत्राकामाला अंत नाही. पडून असलेल्या गाडीत हे लपत नाही: मॅटिंग उचला, खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचा, कळतं. रंगवलेल्या गाडीत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असू शकते. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराखालून सावकाश फिरवा. पकड सुटली तिथे आत पत्रा नाही, लांबी आहे. किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर हे दुप्पट काळजीनं करा.

रंगवलेल्या गाडीकडे पत्राकाम चालू असतानाचे फोटो आणि बिलं असतील तर जास्तीचा भाव रास्त आहे. यंदाच चालवायची असेल आणि भरवशाचा मेकॅनिक हाताशी नसेल तर तीच घ्या. मात्र इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) आणि होज नवे आहेत का, ते विचारा.

आता कागद. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच बाहेर काढता येते. शिवाय मूळ बांधणीत मोठे बदल झालेले नकोत. इथे पडून असलेली गाडी उजवी ठरते, कारण तिच्यात सहसा कुणी दुसरं इंजिन बसवलेलं नसतं. तरी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवरचे मालक हयात नसतील तर वारसांनी आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यावी. तोवर बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका.