सुती की टेरिकॉट?

भाच्याला साताऱ्यात नोकरी लागली आहे आणि मोजक्या पैशांत चार शर्ट शिवायचे, तर कापड सुती घ्यावे की टेरिकॉट, असे त्याने विचारले आहे.

टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्रण. त्यात बहुधा ६५ टक्के पॉलिएस्टर असते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणूनच साताऱ्याच्या पावसाळ्यात रात्री दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी वाळलेला मिळतो, तर सुती शर्टाची बगल आणि कॉलर ओलसरच राहतात. इस्त्रीचा खर्चही सुतीचाच जास्त. टेरिकॉटला मात्र इस्त्री बेताचीच गरम हवी, नाहीतर चकाकीचा डाग कायमचा उमटतो.

टिकाऊपणात टेरिकॉट सरस असला तरी त्यावर बारीक गोळे धरतात. सुती कॉलर दुमडीवर विरते, पण शिंप्याकडून ती उलटून घेतली की शर्ट आणखी वर्षभर सहज चालतो. सुती कापड आटते, म्हणून शिवण्याआधी ते रात्रभर भिजवून वाळवावेच.

एप्रिल-मेच्या उन्हात घाम टिपणारे सुतीच अंगाला सुखाचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खोलीवर एकटा राहणाऱ्याने, स्वतः धुणाऱ्याने तीन टेरिकॉट आणि एक सुती घ्यावा; दिवसभर उन्हात फिरणाऱ्याने सुतीच घ्यावेत.