सहा पौंडी जुळी तोफ, १:३५ : ढाल फक्कड, नळ्या बदला

रणगाडे आणि विमानं सोडून किनाऱ्यावरच्या तोफेचं मॉडेल किट कोणी काढेल, अशी आशा कोणी ठेवली नव्हती. ठाण्यातल्या एका छोट्या थ्रीडी प्रिंटिंगवाल्याने ते काढलंय, आणि तेही ब्रिटिशांच्या ६ पौंडी (म्हणजे सहा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) जुळ्या तोफेचं. माप १:३५, म्हणजे खऱ्या तोफेच्या पस्तिसाव्या हिश्शाचं. रेझिनचे (उजेडात घट्ट होणारं प्लास्टिक) ६४ भाग, किंमत २,८५० रुपये.

ही तोफ लांब पल्ल्याची नव्हे. टॉर्पेडो बोटी अंधारात बंदराच्या तोंडाशी घुसल्या की मोठ्या तोफा तेवढ्या चपळाईने वळत नाहीत. म्हणून ५७ मिमीच्या दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन्ही मिळून मिनिटाला साधारण ७२ गोळे. २६ जुलै १९४१च्या पहाटे माल्टाच्या ग्रँड हार्बरवर इटलीच्या स्फोटक बोटी आल्या. नाकात ३०० किलो दारू, वेग ताशी साठेक किलोमीटर; चालकाने नेम धरून सुकाणू अडकवायचं आणि उडी मारायची. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. वाट अडवणारं जाळं उडवायच्या नादात लाटरोधक भिंतीच्या पुलाचा गाळाच कोसळला, वाट बुजली, आणि मागच्या बोटी शोधदिव्यांच्या उजेडात सेंट एल्मो किल्ल्यावरच्या जुळ्या तोफांपुढे आयत्या सापडल्या. तोफांवर माल्टाचेच गोलंदाज होते (क्रिकेटचे नव्हेत).

आता किट. ढाल मागून उघडी ठेवली आहे, हे अगदी बरोबर. गोळे हाताने भरायचे, त्यामुळे भरणाऱ्यांना मागे मोकळी जागा हवीच. ढालीचे काठ मात्र जाड आहेत. आतून घासा, बाहेरून घासलंत तर बारीक नक्षी जाईल. घासताना पाणी लावा आणि मास्क घाला, रेझिनची धूळ छातीत नको.

खरी बोंब नळ्यांची आहे. ५७ भागिले ३५ म्हणजे भोक १.६३ मिमी हवं. किटमध्ये ते २.२ मिमी आहे, म्हणजे तोफ झाली ७७ मिमीची! शिवाय दोन्ही नळ्या टोकाला वाकलेल्या. गरम पाण्यात धरून सरळ होतात, पण बारीक रेझिन एप्रिलच्या उकाड्यात पुन्हा मान टाकतं. १.६ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी आणा, किटच्या नळीएवढी कापा आणि बुडाशी ०.८ मिमी तारेची खुंटी घाला. नुसत्या सुपरग्लूवर पितळ आणि रेझिन टिकत नाही, पहिल्याच धक्क्याला सुटतं. गोंद वाळेपर्यंत दोन्ही नळ्या काचेवर आडव्या ठेवा, नाहीतर एक बोटीकडे बघेल आणि दुसरी चंद्राकडे.

काही भागांच्या खाचा चिकट लागल्या तर आत कच्चं रेझिन राहिलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच उन्हात धरा. ओलं असताना धरलंत तर पांढुरकी साय येते. पुसलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका.

पावसाळ्यात ठाण्यात स्प्रे प्रायमरही (रंगाआधीचा थर) पांढरा पडतो. सुकताना हवेतली ओल त्यात बसते. कोरडा दिवस मिळेना तर ब्रशने पाण्याचं ॲक्रिलिक मारलेलं बरं. सोबतच्या कागदावर सगळं ऑलिव्ह हिरवं सांगितलंय. माल्टा करायचं असेल तर आजूबाजूचा तट तिथल्या चुनखडीचा हवा, मधाच्या रंगाचा. राखाडी केलात तर मुंबईचं कुलाबा वाटेल.

दारूगोळ्यात कंजुषी केली आहे. किटमध्ये १२ गोळे आणि २ रिकाम्या पुंगळ्या. मिनिटाला ७२ धरले तर १२ गोळे म्हणजे दहा सेकंद, आणि त्या दहा सेकंदांनंतर जमिनीवर पुंगळ्यांचा खच पडलेला असणार. उरलेल्या पितळी नळीचे तुकडे पाडून, एक तोंड पुटीने बुजवून त्या घरी करता येतात. गोळे मात्र घरी नीट जमत नाहीत. त्याच प्रिंटिंगवाल्याकडे २४ गोळ्यांचं पाकीट १५० रुपयांना सुटं मिळतं, किटबरोबरच दोन मागवा.