डेक बांधायला शिकायचंय? ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’पासून सुरुवात करा

30 ऑक्टोबर 2024 रोजी आलेल्या या मोबाइल खेळात डेक, म्हणजे डावासाठी निवडलेला पत्त्यांचा गठ्ठा, फक्त 20 पत्त्यांचा असतो आणि एका नावाचे जास्तीत जास्त 2 पत्ते घेता येतात. कागदी पोकेमॉनच्या 60 पत्त्यांपुढे हे फार थोडं वाटेल. पण डेक बांधायला शिकणाऱ्यासाठी हाच या खेळाचा सगळ्यात मोठा गुण आहे. डाव चटकन संपतो, आणि चुकीचा पत्ता घेतला असेल तर तो चार-पाच डावांतच उघडा पडतो.

आधी गणित बघा. सुरुवातीला हातात 5 पत्ते येतात, मग दर पाळीला 1. म्हणजे तुमच्या तिसऱ्या पाळीपर्यंत 8 पत्ते दिसलेले असतात. एखाद्या पत्त्याची एकच प्रत ठेवली असेल तर तोवर ती हाती लागण्याची शक्यता 40 टक्के, दोन ठेवल्या तर सुमारे 65 टक्के. ज्याच्यावर डाव उभा आहे त्या पत्त्याच्या दोन प्रती घ्यायच्याच. एक प्रत फक्त अशा पत्त्याची, जो आला तर बरं, नाही आला तरी चालेल.

पहिल्या संचातला पिकाचू ईएक्स डेक (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचा पोकेमॉन पत्ता) शिकण्यासाठी उत्तम: पिकाचू ईएक्स 2, झॅपडॉस ईएक्स 2, व्होल्टॉर्ब 2, इलेक्ट्रोड 2. हे झाले 8. उरलेल्या 12 जागांत मदतीचे पत्ते: पोके बॉल, प्रोफेसर्स रिसर्च, सॅब्रिना, जिओव्हानी, पोशन आणि एक्स स्पीड, प्रत्येकी 2.

आता मुख्य जागांमागचं कारण. पिकाचू ईएक्सचा अटॅक 2 इलेक्ट्रिक एनर्जीत होतो आणि बेंचवरच्या, म्हणजे मागे राखीव बसलेल्या, प्रत्येक इलेक्ट्रिक पोकेमॉनमागे 30 डॅमेज देतो. बेंचवर जागा तीनच, म्हणजे कमाल 90. जिओव्हानी खेळलात तर 100. बेंच भरलेली नसेल तर हा अटॅक पोकळ आहे, म्हणूनच डेकमध्ये 6 बेसिक, म्हणजे थेट उतरवता येणारे, पोकेमॉन (पिकाचू, झॅपडॉस, व्होल्टॉर्ब) आणि बेसिक शोधून आणणारे 2 पोके बॉल. दुसऱ्या रंगाचा (प्रकाराचा) एखादा दणकट पोकेमॉन बेंचवर बसवलात तर त्याचे 30 गेले. इलेक्ट्रोडला माघार घ्यायला एनर्जी लागत नाही, त्यामुळे मार खाल्लेल्या पिकाचूच्या जागी तो येतो आणि पुढे सहज बाजूला होतो. शिवाय तो ईएक्स नाही. डाव 3 गुणांचा असतो. साधा पोकेमॉन पडला की समोरच्याला 1 गुण, ईएक्स पडला की 2. दोन ईएक्स पडले की खेळ संपला. सगळे ईएक्स कोंबलेला डेक दिसायला भारी, पण हरायला सोपा.

सपोर्टर (वरच्या यादीतले प्रोफेसर्स रिसर्च, सॅब्रिना आणि जिओव्हानी) पाळीला एकच खेळता येतो. वरच्या डेकमध्ये ते 6 आहेत आणि माझ्या मते हीच मर्यादा असावी. आठ-नऊ घेतले की हातात तीन सपोर्टर अडकून बसतात आणि बेंच मात्र रिकामी.

एनर्जी डेकमध्ये ठेवावी लागत नाही, ती दर पाळीला वेगळी तयार होते, आणि डावात ज्याची पाळी आधी येते त्याला पहिल्या पाळीत मिळत नाही. नवखे इथे हमखास फसतात: एनर्जी फुकट आहे म्हणून दोन-तीन रंग निवडतात. दोन रंग ठेवलेत की कुठला येईल ते नशिबावर. पिकाचूला लागणाऱ्या 2 इलेक्ट्रिक एनर्जी सलग दोन पाळ्यांत मिळण्याची शक्यता मग फक्त 25 टक्के. एका रंगात ती पूर्ण खात्री असते. पहिले काही डेक एकरंगीच बांधा.

उत्क्रांतीची साखळी कशी बिघडते हे शिकायला म्यूटू ईएक्स आणि गार्डेव्हॉयरची जोडी घ्या. म्यूटूचा 150 डॅमेजचा अटॅक दर वेळी 2 सायकिक एनर्जी खातो आणि पाळीला मिळते एकच. गार्डेव्हॉयर दर पाळीला आणखी एक देते, हिशोब बरोबर जुळतो. जोडी बसली की डेक थांबवणं कठीण. पण राल्ट्सपासून किर्लिया आणि किर्लियापासून गार्डेव्हॉयर अशी ही साखळी आहे; हे तिन्ही प्रत्येकी 2 घेऊनही पहिल्या 8 पत्त्यांत तिन्ही दिसण्याची शक्यता चारात एकदा, साधारण 24 टक्के. तोवर दोन्ही प्रोफेसर्स रिसर्च खेळायला मिळाले, म्हणजे 4 पत्ते जास्त उचलले, तर ती जेमतेम निम्म्यावर जाते. पत्ते उचलून देणारी कार्डं कमी करून अटॅकवाला पोकेमॉन वाढवायचा मोह का आवरायचा, हे इथे आकड्यांतच दिसतं. एप्रिल 2025 च्या संचात रेअर कँडी आली आणि मधली पायरी गाळता येऊ लागली, तेव्हापासून असे डेक बरेच सुसह्य झाले.

डेक तपासायची रीत: त्याच 20 पत्त्यांनी दहा डाव खेळा. हरल्यावर हातात न वापरता कुठला पत्ता उरला ते लिहून ठेवा. तोच पत्ता तीन-चारदा उरला तर तो काढा, आणि एका वेळी एक-दोनच पत्ते बदला. पाच बदललेत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. डेक आपोआप बांधून देणारं ऑटो-बिल्डचं बटण सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण अमुक पत्ता का घेतला हे ते सांगत नाही. या खेळाकडून शिकवणीची सगळ्यात जास्त अपेक्षा होती ती इथेच, आणि इथेच तो कमी पडतो.

दुसरी उणीव पत्ते मिळवण्याची. पैसे न भरता 12 तासांना एक, म्हणजे दिवसाला पत्त्यांचे 2 पॅक उघडता येतात. प्रत्येकात सहसा 5 पत्ते, आणि पॅकमागे 5 पॉइंट. हवा तो साधा ईएक्स पत्ता पॉइंटांनी घ्यायचा तर 500 पॉइंट लागतात; फुकटच्या पॅकवर पन्नास दिवस झाले. नको असलेले पत्ते मोडून त्यातून हवा तो घडवण्याची हार्थस्टोन या दुसऱ्या डिजिटल पत्त्यांच्या खेळासारखी सोय नाही. पॉइंट त्या त्या संचापुरतेच चालतात, त्यामुळे रोज वेगळ्या संचाचं पॅक फोडू नका. आधी डेक कागदावर ठरवा, त्यातले ईएक्स कुठल्या संचात आहेत ते बघा, आणि ते हाती येईपर्यंत तोच संच फोडा. पोके बॉल, प्रोफेसर्स रिसर्च, पोशन आणि एक्स स्पीड खेळातल्या दुकानात तिकिटांवर मिळतात. तिकिटं जमली की सगळ्यात आधी या चारांच्या दोन-दोन प्रती घ्या, कारण कुठल्याही रंगाच्या डेकमध्ये त्या लागतातच.