सुट्टीत लॅपटॉप, टॅब की नुसता फोन? इंदूरहून निघण्याआधी ठरवायचं असेल तर

लॅपटॉप न्यायचा की नाही हे ठरवताना बहुतेक लोक वजनापासून सुरू करतात, मी म्हणेन वजन नंतर बघा, आधी हे बघा की सुट्टीच्या दिवसांत अमुक तारखेला अमुक काम आहे आणि ते फोनवर होतच नाही, असं एक तरी वाक्य तुम्हाला बोलता येतंय का. येत असेल तर न्या, बिनधास्त न्या, घरच्यांना आधी सांगून न्या. पण नुसतं "असू दे बरोबर, लागला तर" असेल तर माझं मत स्पष्ट आहे, घरी ठेवा. कारण "लागला तर" म्हणून नेलेला लॅपटॉप उघडला नाही तरी त्याची राखण करावी लागते, आणि उघडला तर पचमढीला पोरं बी फॉल धबधब्याला जायला तयार होऊन उभी असतात आणि बाबा मेल बघत असतात.

परवा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, दिवाळीत पुण्याला जातोय, ह्यांचा लॅपटॉप खरंच लागतो का हो?" दादाच्या बाबतीत उत्तर हो आहे, लागतो. त्याची फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि कंपनी किंवा एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं) जीएसटी रिटर्न भरताना डीएससी, म्हणजे डिजिटल सही लागते, तिचा पेन ड्राइव्हसारखा यूएसबी टोकन फोनला चालत नाही, त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच टाकावं लागतं. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) अकरा तारखेला आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) वीस तारखेला, आणि दिवाळी ऑक्टोबरात आली की ही वीस तारीख बरोब्बर सणाच्या आसपास येते. अशा माणसाला "सुट्टी आहे ना, राहू दे" म्हणणं चूक आहे, त्याने लॅपटॉप आणि टोकन दोन्ही न्यावेत, एका सकाळी बसून काम संपवावं आणि परत बॅगेत टाकावं. पण सियागंजात किंवा मारोठियात स्वतःच्या नावाने दुकान असलेला माणूस, म्हणजे ज्याची प्रोप्रायटरशिप आहे, त्याला ओटीपीवर व्हेरिफाय करता येतं, आणि रिटर्न निल असेल, म्हणजे दाखवायला काहीच व्यवहार नसेल, तर एसएमएसनेसुद्धा जातं, त्याने तर निघायच्या आधी अकाउंटंटकडे बिलं देऊन टाकावीत आणि फोनवर ओटीपी सांगायला तयार राहावं, बस.

आयटीवाल्यांचं वेगळं आहे. सुपर कॉरिडॉरला किंवा क्रिस्टल आयटी पार्कला काम करणारे बरेच जण ऑफिसचा लॅपटॉप सवयीने उचलतात. माझं म्हणणं, तुमची ऑन-कॉल पाळी, म्हणजे फोन आला की लगेच काम बघायची पाळी, त्या आठवड्यात लागलीय का? लागली असेल तर आधी पाळी बदलून घ्यायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर न्या. पाळी नसेल आणि रजा मंजूर असेल तर तो लॅपटॉप न नेणं हाच मॅनेजरला सगळ्यात साफ निरोप आहे, कारण बरोबर आहे हे कळलं की फोन येतोच. आणि परदेशात जात असाल तर ऑफिसच्या आयटी डिपार्टमेंटला लेखी विचारल्याशिवाय नेऊच नका, बऱ्याच कंपन्या दुसऱ्या देशातून लॉगिन ब्लॉक करतात, शिवाय टुरिस्ट व्हिसावर बसून काम करणं किती देशांत चालतं हाही प्रश्न आहेच.

आता फोटोवाले. पावसाळ्यात मांडूला ढग रूपमती मंडपापर्यंत उतरतात तेव्हा कॅमेरा घेऊन गेलेला माणूस एका दिवसात पाचशे फोटो सहज काढतो, आणि २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातला मूळ, न दाबलेला फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे एका दिवसाचे १२ ते १५ जीबी झाले. गूगलची फुकटची जागा सगळी मिळून १५ जीबीच आहे आणि जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात, त्यामुळे "क्लाउडवर टाकू" हे हॉटेलच्या वायफायवर होणार नाही हे धरूनच चाला. इथे लोकांना वाटतं की लॅपटॉप लागणारच, पण नुसता बॅकअपच हवा असेल तर फोन, एक कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी (बाहेरून जोडायची डिस्क) एवढ्यात काम होतं. सॅमसंगची टी७ एसएसडी ५८ ग्रॅमची आहे, खिशात मावते. टाइप-सी असलेल्या अँड्रॉइडला आणि आयफोन १५ पासून पुढच्या आयफोनला ती सरळ लागते. दोन गोष्टी मात्र पाळा, फाइल कॉपी करा, मूव्ह करू नका, आणि घरी येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका, एक जास्तीचं कार्ड घ्यावं लागलं तरी चालेल. जेल रोडवर कार्ड रीडर अगदी थोडक्यात मिळतो, फक्त दुकानातच आपला फोन लावून बघा की कार्डवरच्या फाइल दिसतायत का. पण रोज रात्री फोटो एडिट करून कोणाला द्यायचे असतील, म्हणजे लग्नाचं शूट आणि फिरणं एकत्र असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही, फोनच्या छोट्या स्क्रीनवर रंग बघत डोळे फोडू नका.

टॅबबद्दल माझं मत लोकांना पटत नाही पण सांगतो. टॅब हा मधला मार्ग वाटतो, हलकाही आणि कामाचाही. नुसता टॅब पाचशे ग्रॅमच्या आसपास असतो हे खरं, पण त्याला कीबोर्डवालं कव्हर लावलं की तो किलोजवळ जातो, आणि मॅकबुक एअरसारखा हलका लॅपटॉप १.२४ किलोच आहे. म्हणजे टॅबवर टाइप करायचंच असेल तर वाचलेलं वजन पाव किलोचं, आणि त्यात टॅली नाही, डीएससी नाही, मोठी एक्सेल शीट उघडली की बोटाने सेल पकडता पकडता जीव जातो. कामासाठी टॅब नेऊ नये असंच मी म्हणेन. पण भंवरकुआला कोचिंग लावलेला मुलगा किंवा मुलगी बरोबर असेल, लेक्चर डाउनलोड करून गाडीत बघायची असतील, नोट्सच्या पीडीएफ वाचायच्या असतील, किंवा आजोबांना मोठ्या अक्षरात पेपर वाचायचा असेल तर टॅबइतकं चांगलं काही नाही. तेव्हा कीबोर्ड घरी ठेवा आणि टॅब न्या. तुमच्याकडे १५.६ इंची जुना लॅपटॉप असेल, जो पावणेदोन किलोचा आणि अडॅप्टर धरून दोनच्या वर जातो, तर वजनातला हा फरक जास्त जाणवेल, तेही मान्य.

कशाने जाताय यावरही खूप अवलंबून आहे.

रात्रीच्या गाडीने, म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला किंवा इंदूर-पुणे गाडीने जात असाल तर लक्षात ठेवा की रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे, पश्चिम रेल्वेने तो मार्च २०२१ पासून लावला आणि आपलं इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळातच येतं. आगीच्या भीतीने केलंय, योग्यच केलंय, पण त्यामुळे "गाडीत चार्ज करून रात्री काम करू" हा हिशोब चुकतो. आणि स्लीपरमध्ये लॅपटॉप असला की तो उशाशी घेऊन झोपावं लागतं, झोप कसली लागतेय. दिवसाची वंदे भारत, जी भोपाळहून पुढे नागपूरपर्यंत जाते, तिच्यात मात्र सीटजवळ सॉकेट आहे, टेबल आहे, तिथे तीन-चार तास खरोखर काम होतं आणि मग नागपूरला उतरल्यावर मोकळे.

विमानाने जाताना देशातल्या साध्या तिकिटावर हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते, त्यात बाळाचं सामान किंवा आईची औषधं असतील तर लॅपटॉपचे दोन किलो कुठून काढायचे हे आधी ठरवा. लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकू नका, आणि पॉवर बँक तर टाकायचीच नसते, ती केबिनमध्येच, तीही १०० वॉट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, ती चालते, पण लॅपटॉप चार्ज करायचा तर ती ४५ किंवा ६५ वॉटचं पीडी (टाइप-सीवरचं जलद चार्जिंग) देणारी हवी, फोनची साधी पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही.

स्वतःच्या गाडीने महेश्वर-ओंकारेश्वर करणाऱ्यांना वाटतं की गाडी आहे तर वजनाचं काय, डिकीत पडू दे. मे महिन्यात असं अजिबात करू नका. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी बंद स्थितीतही ४५ अंशांपर्यंतच ठेवा म्हणतं, आणि बाहेर ४१-४२ असताना उन्हात बंद उभी असलेली गाडी आत त्याच्या खूप वर जाते. घाटावर दोन तास फिरून याल तोवर बॅटरीचं नुकसान होऊन गेलेलं असतं, ते त्या दिवशी दिसत नाही, दोन महिन्यांनी बॅटरी फुगली की दिसतं. आणि लेहला जाणाऱ्यांनो, लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, बऱ्याच लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये वापरायची उंची तीन हजार मीटरच्या आसपासच दिलेली असते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला तर हे जास्त लागू आहे. तिथे न नेणं सगळ्यात बरं.

फोनच न्यायचा ठरला तर त्याची कमजोर बाजूही बघा, कारण तिकडे लोक दुर्लक्ष करतात. तिकीट त्यातच, पैसे त्यातच, डिजिलॉकर त्यातच आणि ओटीपीही त्यातच, तो हरवला की सगळं एकदम बंद. म्हणून तिकिटं आणि हॉटेलची बुकिंग बायकोच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरही पाठवून ठेवा, गूगल अकाउंटचे बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करता येतो, लॅपटॉपला अशी सोयच नाही, म्हणून लॅपटॉप नेणार असाल तर निघायच्या आधी एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डिस्क वाचता न येणं) चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा, ते उघडायची विंडोजची 'रिकव्हरी की' कुठे सेव्ह आहे तेही बघा, आणि पूर्ण बॅकअप घरच्या डिस्कवर घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वापरणार असाल तर ते कनेक्शन सेटिंगमध्ये मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) करून टाका, नाहीतर विंडोजचा अपडेट दिवसभराचा डेटा खाऊन टाकतो.

परदेशासाठी एवढंच, की लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर युरोपात तशीच लागत नाही, दुबई-सिंगापूरला चौकोनी पिना असतात, कन्व्हर्टर इथूनच घ्या. परत येताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी-फ्री आणता येतो, पण जाताना आपला जुना घेऊन गेला असाल आणि तिकडे नवा घेतला तर जुना आपलाच आहे हे कस्टम्सला दाखवायला त्याचं बिल फोनमध्ये असलेलं बरं.

नातेवाइकांकडे उतरणार असाल, आणि आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी सुट्टी पुण्या-नागपूरला आत्याकडे, मावशीकडेच जाते, तर तिकडे कोणाचा तरी लॅपटॉप असतोच. एखादं प्रिंट काढायचं, एखादा फॉर्म भरायचा तर तो मागा, ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) विंडो उघडा, काम झालं की बंद करा. बँकेचं काम मात्र दुसऱ्याच्या मशीनवर नको, ते आपल्या फोनवरच. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलं की घरातले सगळे हळू बोलायला लागतात, टीव्हीचा आवाज कमी करतात, मावशी चहा आणून ठेवते आणि न बोलता निघून जाते, हे मला खरंच बघवत नाही, एवढ्या लांबून आपण भेटायलाच तर आलेलो असतो.

आणि लॅपटॉप घरी ठेवायचा ठरला, पण एखादी फाइल लागली तर म्हणून धाकधूक असेल, तर त्या चार-पाच फाइल आधीच ड्राइव्हवर टाका आणि फोनवर ऑफलाइन करून ठेवा. पूर्ण कॉम्प्युटरच दुरून उघडायची सोय हवी असेल तर घरी क्रोम रिमोट डेस्कटॉप लावून जा, त्यासाठी मशीन आणि वायफाय चालू ठेवावं लागेल, स्लीप बंद करावं लागेल, आणि लाइट गेली तर कनेक्शन तुटेल, म्हणून किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या शेजारच्या काकूंना राउटरचं बटण दाखवून ठेवा. हे नको असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, प्लग काढा, आणि महिनाभरासाठी जात असाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवून कपाटात ठेवा.