मागांच्या खडखडाटात यूएसबी माइक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी अकरावी-बारावी कॉमर्सचे ऑनलाइन क्लास घेतो. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. टॉवेलची मोठी ऑर्डर आली की रात्रपाळीही चालते. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर मुलांना माझ्यापेक्षा मागच जास्त ऐकू यायचे, म्हणून हा यूएसबी डायनॅमिक माइक घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीचे माइक बरेच ब्रँड विकतात आणि पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

आवाजाबद्दल तक्रार नाही. कंडेन्सर माइक नाजूक कानाचा, खोलीतलं सगळं उचलतो. डायनॅमिकला मात्र तोंड जवळ न्यावं लागतं. चार बोटांच्या अंतरावरून बोललं की माग मागे पडतात, हातभर लांब गेलं की आपणच मागे पडतो. माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं नीट ऐकतो आणि पाठीमागचं कमी. त्यामुळे त्याची पाठ कारखान्याच्या भिंतीकडे करून ठेवलीय. तरी एक धडधड राहायचीच. ती हवेतून नव्हे, फरशीतून टेबलात आणि टेबलातून स्टँडमध्ये चढत होती. स्टँडखाली टेरी टॉवेलची जाड घडी ठेवली, बरीच कमी झाली. मीटिंग अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन उन्हाळ्यात कूलरची घरघर छान गिळतं, कारण ती एकसारखी असते. मागाच्या खटक्यांवर त्याची मात्रा तेवढी चालत नाही, आणि जास्त ताणलं की ते माझ्याच शब्दांचे शेवट खातं. मी ते मधल्या पातळीवर ठेवतो.

खरा वैताग पुढे. "सर, आवाज येत नाहीये" हे वाक्य या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय, आणि एकदाही माइक बिघडलेला नव्हता.

सगळ्यात फसवा प्रकार केबलचा. माइकसोबतची केबल घरात कुणीतरी फोनला लावली, मी हाताला लागली ती दुसरी लावली. माइकवरचा हिरवा दिवा लख्ख पेटला, पण लॅपटॉपच्या इनपुट यादीत माइकच नाही! दुकानात नेला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, हा गेलाय. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये करून देतो." काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. दिवा पेटायला वीज पुरते, आवाज पोचायला डेटा लागतो. मूळची केबल लावल्याबरोबर माइक यादीत हजर. आता तिच्यावर लाल चिकटपट्टी आहे आणि घरात सक्त ताकीद.

दुसरा प्रकार विंडोजच्या अपडेटनंतरचा. माइक जोडलेला, यादीत दिसतोय, पण लॅपटॉपनं परस्पर आतला माइक किंवा वेबकॅमचा माइक निवडलेला असतो. मीटिंग अ‍ॅपची निवड पुन्हा वेगळी, दोन्ही ठिकाणी बघावं लागतं. म्हणून मी आधी अ‍ॅपला हातच लावत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जाऊन इनपुटमध्ये आपला माइक निवडतो, त्याच्या नावापुढच्या बाणावरून आत जातो आणि 'स्टार्ट टेस्ट' दाबून बोलतो. पट्टी हलली तर माइक, केबल, पोर्ट सगळं ठीक, दोष अ‍ॅपमध्ये किंवा परवानगीत. पट्टी ढिम्म राहिली तर आधी माइकवरचं म्यूटचं बटण बघा. आमच्या माइकचं बटण टचचं आहे, फडक्यानं धूळ पुसतानासुद्धा दबतं. ही या माइकची सगळ्यात वाईट गोष्ट, साधं खटक्याचं बटण हजारपट बरं.

परवानगी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या मायक्रोफोनमध्ये असते. तिथे डेस्कटॉप अ‍ॅप्सची कळ वेगळी आहे, ती बंद असली की वरची चालू असूनही अ‍ॅपला काही ऐकू जात नाही. ब्राउझरमधून क्लास घेत असाल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटपुरती परवानगी पाहा. एकदा घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही.

मधेच माइक गायब होत असेल तर हब (एका यूएसबी पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. माझ्या स्वस्त हबला बाहेरून वीज नव्हती. पेनड्राइव्ह, माउस आणि माइक तिन्ही त्याला झेपत नव्हते. वीज वाचवायला विंडोज यूएसबीला जोडलेल्या वस्तू झोपवतं, ते पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही मी बंद करून टाकलंय.

आणि एक बाब सेटिंगमध्ये सापडणारच नाही. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये 'घूंऽऽ' असा सूर यायचा, आणि माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागला की झिणझिण्या. चार्जर काढला की दोन्ही गायब. इलेक्ट्रिशियन अण्णांनी बोर्ड उघडला आणि हसले. "सर, अर्थिंगची वायरच नाही की! तिसरं भोक नुसतं शोभेला हाय." जुन्या घरांत हे सर्रास असतं. तीन पिनांचा प्लग लावून समाधान मानू नका, मागे वायर आहे का ते तपासून घ्या, माइकसाठी नाही तर शॉकसाठी. अर्थिंग करून घेतल्यावर घूं गेलं, झिणझिण्याही गेल्या.

किंमत साडेतीन हजारांच्या आसपास पडली. शांत गल्लीत राहत असाल तर एवढे पैसे घालू नका, हेडफोनचा माइक पुरेल. शेजारी माग, गिरणी किंवा रहदारीचा रस्ता असेल तर जरूर घ्या. वॉरंटी आहे, पण या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात नाही. माइक पुण्याला पाठवावा लागतो आणि कुरियर आपल्या खर्चानं, तेव्हा खोका आणि बिल जपून ठेवा.